जुना बॉयलर काढून हीट पंप: ब्रिटनमधल्या सरकारी अनुदानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःचं घर असलेल्या मराठी मंडळींकडून ऑक्टोबर उजाडला की ठरावीक प्रश्न यायला लागतात. बॉयलर म्हातारा झालाय, तो काढून हीट पंप (बाहेरच्या हवेतून किंवा जमिनीतून उष्णता घेऊन घर गरम करणारं विजेचं यंत्र) बसवला तर सरकार साडेसात हजार पौंड देतंय म्हणतात, घ्यावे का? त्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नियम आणि आकडे २०२५ सालचे आहेत. एक गोष्ट आधीच सांगते: अनुदान मिळणं हा यातला सोपा भाग आहे. घर नीट तपासून घेणं हा अवघड भाग, आणि पुढची पंधरा-वीस वर्षं सुखाची जाणार की नाही ते त्यावरच ठरतं. म्हणून प्रश्न ९ चुकवू नका.

१. ही योजना नेमकी काय आहे? किती पैसे मिळतात?

योजनेचं नाव ‘बॉयलर अपग्रेड स्कीम’. मे २०२२ मध्ये ती सुरू झाली आणि ऑफजेम ही सरकारी नियामक संस्था ती चालवते. गॅस, तेल, एलपीजी, कोळसा किंवा जुने विजेचे हीटर यांच्यावर घर गरम होत असेल आणि ते काढून तुम्ही हीट पंप बसवत असाल, तर ७,५०० पौंड मिळतात. हवेतून उष्णता घेणारा पंप असो की जमिनीतून घेणारा, रक्कम तीच. सुरुवातीला हवेच्या पंपाला ५,००० आणि जमिनीच्या पंपाला ६,००० पौंड होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्ही वाढवून ७,५०० केले. लाकडाच्या पेलेट्सवर चालणाऱ्या बायोमास बॉयलरला ५,००० पौंड आहेत, पण फक्त ग्रामीण भागात आणि जिथे गॅसची लाइन पोचलेली नाही अशा घरांना.

हे कर्ज नाही. परत फेडायचं नसतं, आणि तुमचं उत्पन्न किती आहे हेही कुणी विचारत नाही.

२. अर्ज कुठे करायचा? पैसे माझ्या खात्यात कधी येतात?

अर्ज तुम्ही करायचाच नाही, आणि पैसे तुमच्या खात्यात येतच नाहीत. सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो.

एमसीएस (अशा यंत्रणा बसवणाऱ्यांना प्रमाणित करणारी योजना) प्रमाणपत्र असलेला इन्स्टॉलर तुमच्या वतीने ऑफजेमकडे अर्ज करतो. मग ऑफजेमकडून तुम्हाला ईमेल येतो: या इन्स्टॉलरला तुम्हीच नेमलंय ना? त्याला होकार दिला की इन्स्टॉलरच्या नावाने व्हाउचर निघतं. काम झाल्यावर तो ते वटवतो. तुमच्या बिलात मात्र ७,५०० पौंड आधीच वजा झालेले असले पाहिजेत. ‘आधी पूर्ण रक्कम भरा, सरकारकडून आली की परत देतो’ असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडे काम देऊ नका. ऑफजेमचा ईमेल बऱ्याचदा स्पॅममध्ये जाऊन पडतो आणि घरमालक ‘अजून काहीच कसं झालं नाही’ म्हणत बसतात. कोटेशन मान्य केल्यावर स्पॅमचा फोल्डर रोज बघा.

३. आमचं घर योजनेत बसतं का?

घर इंग्लंड किंवा वेल्समध्ये हवं, तुमच्या मालकीचं हवं, आणि त्याचं वैध ईपीसी, म्हणजे घराच्या ऊर्जा कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र, हवं (प्रश्न ६). टेरेस (एकमेकांना चिकटलेल्या घरांची रांग), सेमी, डिटॅच्ड सगळी चालतात. दुसरं घर किंवा भाड्याने दिलेलं घरही चालतं. सोशल हाउसिंगला (काउन्सिल किंवा हाउसिंग असोसिएशनची घरं) ही योजना नाही. बिल्डर बांधत असलेल्या नव्या घरांनाही नाही, पण तुम्ही प्लॉट घेऊन स्वतःसाठी घर बांधत असाल तर आहे. बसवायची यंत्रणा ४५ किलोवॅटपर्यंतची असावी लागते. राहत्या घराला एवढी लागत नाही, त्यामुळे ती काळजी नको. पंपाने अख्ख्या घराची उष्णता आणि नळाचं गरम पाणी दोन्ही पुरवलं पाहिजे.

४. बॉयलर चारच वर्षांचा आहे. जुना असल्याशिवाय अनुदान मिळत नाही ना?

मिळतं. बॉयलरच्या वयाची अट नाही, तो बिघडलेला असण्याचीही नाही. आणि उलट बाजूने विचारणाऱ्यांसाठी: घरात चालू असलेला गॅस बॉयलर सक्तीने काढायला लावणारा कायदा नाही. ‘आता नाही बदललात तर दंड बसेल’ असं फोनवर सांगणारा माणूस खोटं बोलतोय.

माझं मत विचाराल तर चार वर्षांचा धडधाकट बॉयलर फेकायची घाई करू नये. त्याच पैशातून आधी लॉफ्टचं इन्सुलेशन आणि दारा-खिडक्यांच्या फटी बघाव्यात. बॉयलर बारा-पंधरा वर्षांचा झाला असेल तर मात्र तो बंद पडायची वाट बघू नका. का ते प्रश्न १८ मध्ये आहे.

५. आम्ही अजून व्हिसावर आहोत. बीआरपीवर (व्हिसाचं ओळखपत्र) ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी भत्ते घेता येणार नाहीत, असं लिहिलं होतं. अनुदान घेतलं तर आयएलआर (इथे कायमचं राहायची परवानगी) अडेल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि धास्ती समजण्यासारखी आहे. इमिग्रेशन नियमांत ‘पब्लिक फंड्स’ म्हणजे काय याची ठरलेली यादी आहे: युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, हाउसिंग बेनिफिट, काउन्सिल टॅक्समधली सूट वगैरे. सरकारी पैसा जिथे जिथे खर्च होतो ते सगळं त्यात येत नाही. बॉयलर अपग्रेड स्कीम त्या यादीत नाही. योजनेतही नागरिकत्व किंवा व्हिसा विचारत नाहीत, घराची मालकी बघतात.

तरी आयएलआरचा अर्ज तोंडावर असेल आणि मनात किंतू असेल, तर नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला एकदा विचारून घ्या. आणि हे उत्तर फक्त या योजनेपुरतं धरा. बेनिफिट घेणाऱ्या कुटुंबांसाठीच्या ज्या ऊर्जा योजना आहेत, त्यांच्यात शिरायला आधी बेनिफिटच घ्यावं लागतं, आणि ते तुमच्यासाठी धोक्याचं आहे.

६. ईपीसीमध्ये ‘लॉफ्ट इन्सुलेशन करा’ असा शेरा आहे. मग अर्ज नाकारतील?

आता नाही. पूर्वी लॉफ्ट किंवा कॅव्हिटी वॉलच्या (मधे पोकळी असलेली दुहेरी भिंत) इन्सुलेशनची शिफारस बाकी असेल तर व्हाउचर मिळत नसे. मे २०२४ मध्ये ती अट काढली. ईपीसी मात्र लागतंच आणि ते दहा वर्षांच्या आतलं हवं. घर घेताना झालेलं असतं. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की दिसतं.

अट गेली म्हणून शेरा चुकीचा ठरत नाही. लॉफ्टमध्ये जुनी पातळ लोकर असेल तर ती वाढवून घेणं हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फायद्याचा खर्च आहे.

७. अनुदान वजा जाता खिशातून किती जातात?

हवेच्या पंपाचं पूर्ण काम साधारण १० ते १४ हजार पौंडांच्या घरात जातं. त्यातून साडेसात वजा करा. तीन बेडरूमचं सेमी असेल आणि बरेच रेडिएटर बदलायचे असतील तर वरच्या बाजूचा आकडा धरा. जमिनीच्या पंपाला खोदाई आली, त्याचा खर्च बराच जास्त.

व्हॅट शून्य टक्के आहे, ३१ मार्च २०२७ पर्यंत. कोटेशनमध्ये २० टक्के व्हॅट लावलेला दिसला तर लगेच विचारा.

८. बिल खरंच कमी येतं का?

काहींचं येतं, काहींचं वाढतं. हे कोड्यात न ठेवता आकड्यांत बघू.

ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ च्या प्राइस कॅपनुसार (ऑफजेमने ठरवलेली कमाल दरमर्यादा) विजेचं युनिट सरासरी २६.३५ पेन्स आणि गॅसचं ६.२९ पेन्स होतं. म्हणजे वीज गॅसच्या चौपटीहून महाग. हीट पंप एक युनिट वीज घेऊन तीन-चार युनिट उष्णता देतो, त्यामुळे खरी लढत इथेच आहे.

समजा घराला वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागते. ९० टक्के कार्यक्षम गॅस बॉयलरला त्यासाठी सुमारे १३,३०० युनिट गॅस लागेल, त्याचे झाले ८४० पौंड. गॅसचा स्टँडिंग चार्ज (वापर असो-नसो, रोज द्यावी लागणारी ठरावीक रक्कम) रोजचे ३४ पेन्स म्हणजे वर्षाचे १२४. एकूण ९६४ पौंड. आता हीट पंप. वर्षभराची सरासरी कार्यक्षमता ३ असेल तर ४,००० युनिट वीज, १,०५४ पौंड; गॅसपेक्षा महाग. तीच ३.५ असेल तर ९०३ पौंड. ४ असेल तर ७९० पौंड.

तीन आणि चार यांच्यातला हा फरक पंपाच्या ब्रँडवर फारसा ठरत नाही. तो ठरतो डिझाइनवर: रेडिएटरमध्ये पाणी किती तापमानाचं फिरवावं लागतं यावर. योजनेची किमान अपेक्षा २.८ ची आहे, आणि त्यावर समाधान मानणारा इन्स्टॉलर तुमच्या कामाचा नाही. हीट पंपासाठीचे खास टॅरिफ घेतले आणि स्वस्त वेळेत पाणी तापवलं तर गणित आणखी सुधारतं. एलपीजी किंवा नाइट स्टोरेज हीटर असलेल्या घरांना सहसा एवढा विचार करावा लागत नाही, त्यांची बचत बरीच ठळक असते.

वरच्या हिशेबात गॅसचा स्टँडिंग चार्ज पूर्ण वाचला असं धरलंय. स्वयंपाकाला गॅस ठेवणार असाल तर प्रश्न ११ बघा.

९. ‘हीट लॉस सर्व्हे’ म्हणजे काय? इन्स्टॉलर म्हणतो फोटो पाठवा, तेवढ्यावर भागतं.

भागत नाही. प्राथमिक अंदाजासाठी फोटो ठीक आहेत, पण करारावर सही करायच्या आधी माणूस घरी आलाच पाहिजे. तो खोली-खोलीत टेप लावतो, भिंत कसली आहे ते बघतो (भरीव वीट की कॅव्हिटी), खिडक्या मोजतो, लॉफ्टमध्ये डोकावतो, प्रत्येक रेडिएटरची लांबी, उंची आणि किती पॅनलचा आहे ते लिहून घेतो, आणि फ्लोअरबोर्ड किंवा कपाटामागे पाइप किती जाडीचा आहे ते शोधतो. तीन बेडरूमच्या घराला दोन-तीन तास सहज लागतात. अर्ध्या तासात उरकला तर समजून जा.

त्यातून एक तक्ता निघतो आणि तो तुम्ही मागून घ्यायचाच. बाहेर उणे दोन-तीन अंश असताना प्रत्येक खोलीतून किती वॅट उष्णता निसटते आणि त्या खोलीतला रेडिएटर कमी तापमानाच्या पाण्यावर किती वॅट देतो, हे दोन रकाने शेजारी-शेजारी असतात. समजा, पुढच्या बेडरूमला ९०० वॅट लागतात. तिथला जुना सिंगल पॅनल बॉयलरच्या ७० अंशांच्या पाण्यावर १,००० वॅट देत होता, म्हणून आजवर काही जाणवलं नाही. तोच रेडिएटर ४५ अंशांच्या पाण्यावर ४०० वॅटसुद्धा गाठत नाही. म्हणजे तो बदलून डबल किंवा ट्रिपल पॅनल लावावा लागणार. असं प्रत्येक खोलीचं.

‘एकही रेडिएटर बदलायला नको’ हे वाक्य कानाला गोड लागतं. त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की पंप ५५ अंशांवर रेटणार, कार्यक्षमता घसरणार आणि प्रश्न ८ मधल्या महागड्या बाजूला तुम्ही जाऊन बसणार. दोन कोटेशन हातात असतील तर किंमत बघायच्या आधी ‘डिझाइन फ्लो टेम्परेचर’ (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) किती लिहिलंय ते बघा. ४५ असलेलं, हजार पौंडांनी महाग कोटेशनसुद्धा मी ५५ वाल्यापेक्षा आधी विचारात घेईन.

जुन्या घरांत ८ किंवा १० मिलिमीटरचे बारीक पाइप असतील तर तेही आधीच विचारा. प्रत्येक वेळी बदलावे लागतात असं नाही, पण काम सुरू झाल्यावर तो विषय निघाला तर खर्च आणि फरशी दोन्ही उखडतात.

१०. आमच्याकडे कॉम्बी बॉयलर आहे, गरम पाण्याची टाकी कधी नव्हतीच. ती कुठे ठेवायची? आणि पाहुणे आले की पाणी पुरेल?

टाकी लागणारच. कॉम्बी पाणी लागेल तेव्हा तापवतो, हीट पंप आधी तापवून साठवतो. जागा बहुतेक वेळा जुन्या एअरिंग कपबर्डमध्ये, युटिलिटीत किंवा गॅरेजमध्ये काढतात. भरलेली टाकी अडीचशे-तीनशे किलोंची होते, म्हणून लॉफ्टमध्ये ठेवायची असेल तर जोइस्टची (खालच्या तुळयांची) ताकद तपासून घ्यावी लागते.

चौघांच्या कुटुंबाला साधारण २०० ते २५० लिटर. पण आपल्याकडे आई-बाबा भारतातून सहा-सहा महिने येऊन राहतात, सकाळी सगळ्यांची आंघोळ एका तासात आटपायची असते. हे इन्स्टॉलरला स्पष्ट सांगा, तो बेडरूम मोजून हिशेब करतो, माणसं मोजून नाही. एक साइझ मोठी टाकी घ्यायला फार जास्त पैसे पडत नाहीत, नंतर बदलायला पडतात.

घरात वडीलधारी दिवसभर असतील तर हीट पंपाचा स्वभाव त्यांना मानवतो. सकाळी तासभर कडक आणि मग थंड, असं न होता दिवसभर एकसारखी ऊब राहते. रेडिएटर हाताला फक्त कोमट लागतात. ‘बिघडलाय वाटतं’ म्हणून त्यांनी सारखा थर्मोस्टॅट वाढवू नये, एवढं मात्र समजावून सांगावं लागतं.

११. गॅसची शेगडी काढावी लागेल? इंडक्शनवर फुलके कसे करायचे?

शेगडी ठेवू शकता. योजनेची अट घर गरम करण्याच्या यंत्रणेची आहे, स्वयंपाकाची नाही. फक्त गॅसचं कनेक्शन राहिलं की वर्षाचे १२४ पौंड स्टँडिंग चार्जही राहतो, म्हणजे पोळ्या जरा महागात पडतात.

इंडक्शनवर लोखंडी तवा छान चालतो आणि पोळ्या, भाकऱ्या, थालीपीठ सगळं होतं. थेट आचेवर फुगवायचा फुलका आणि भाजायचं वांगं मात्र जमत नाही. बऱ्याच घरांत पहिलं वर्ष गॅस ठेवतात आणि स्वयंपाकघराचं काम काढलं की बंद करतात. तसं करायला काहीच हरकत नाही.

१२. बाहेरच्या युनिटला काउन्सिलची परवानगी लागते का? शेजारी तक्रार करतील?

इंग्लंडमध्ये बहुतेक घरांना वेगळी परवानगी लागत नाही. पूर्वी शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर अंतर लागायचं आणि टेरेसवाल्यांचं तिथेच अडायचं. मे २०२५ मध्ये ती अट गेली. आवाजाचं गणित मात्र इन्स्टॉलरला करावंच लागतं. युनिट शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीसमोर न लावणं आणि आधी एकदा त्यांच्याशी बोलून घेणं, एवढ्याने पुढची कटकट वाचते. लिस्टेड इमारतीला (वारसा म्हणून नोंदवलेली) स्वतंत्र संमती लागते. कन्झर्व्हेशन एरियात असाल किंवा घर वेल्समध्ये असेल तर आधी काउन्सिलला विचारा.

१३. आमचा लीजहोल्ड फ्लॅट आहे.

अनुदानाला फ्लॅट चालतो, खरी अडचण फ्रीहोल्डरची, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाची. बाहेरची भिंत, छत आणि जमीन त्याची असते, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय काहीच हलत नाही. आधी ती मिळवा, मगच सर्व्हेसाठी पैसे घालवा.

१४. घर भाड्याने दिलंय, किंवा आम्हीच भाड्याने राहतो.

खाजगी घरमालकाला अनुदान मिळतं. भाडेकरूला स्वतःहून घेता येत नाही, मालकाला तयार करावं लागतं.

१५. हायब्रिड, एसी, जुना हीट पंप: यांपैकी कशाला मिळतं?

गॅस बॉयलर ठेवून सोबत पंप लावायचा म्हणजे हायब्रिड, त्याला नाही. भिंतीवरचा एसी, जो थंडीत गरम हवा देतो, त्याला ७,५०० मिळत नाहीत. ती रक्कम पाणी फिरवून रेडिएटर किंवा जमिनीखालचे पाइप गरम करणाऱ्या यंत्रणेसाठी आहे. आधीचा हीट पंप काढून नवा हीट पंप लावायलाही मिळत नाही. सौर पॅनल या योजनेत नाहीत, पण त्यांवरही व्हॅट शून्य आहे.

१६. इन्सुलेशनसाठी दुसरं अनुदान घेतलंय. दोन्ही चालतात?

इन्सुलेशन, दारं, खिडक्या यांसाठी घेतलं असेल तर चालतं. त्याच हीट पंपासाठी दुसरीकडून सरकारी पैसे घेतले असतील तर चालत नाही.

१७. आम्ही ग्लासगोला राहतो. बहीण बेलफास्टला असते.

ही योजना दोन्हीकडे लागू नाही. स्कॉटलंडमध्ये ‘होम एनर्जी स्कॉटलंड’तर्फे ७,५०० पौंड अनुदान आणि वर ७,५०० पौंडांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळतं, ग्रामीण भागात आणि बेटांवर अनुदान ९,००० पर्यंत जातं. तिथे प्रश्न २ चं उत्तर पूर्ण उलटं आहे: अर्ज तुम्ही स्वतः करायचा, आणि लेखी मंजुरी हातात यायच्या आधी काम सुरू केलं तर पैसे जातात. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा आहे, बहिणीने तिथल्या योजना बघाव्यात.

१८. ऐन जानेवारीत बॉयलर बंद पडला. आता लगेच हीट पंप बसवता येईल का?

लगेच नाही. सर्व्हे, डिझाइन, व्हाउचर, वीज कंपनीला कळवणं या सगळ्याला आठवडे लागतात. जुन्या टेरेसमध्ये दोन घरांचा वीजपुरवठा एकाच केबलवरून ‘लूप’ केलेला असला तर तो वेगळा करून घ्यावा लागतो, त्याला आणखी वेळ. घरात तान्हं बाळ किंवा वृद्ध माणूस असेल तर थंडीत कुडकुडत थांबू नका, बॉयलर दुरुस्त करा. दुरुस्तीने तुमची पात्रता जात नाही. मग सर्व्हे मार्चमध्ये करून घ्या आणि काम उन्हाळ्यात काढा.

१९. व्हाउचर निघालं, पण इन्स्टॉलर तारीखच देत नाही.

हवेच्या पंपाचं व्हाउचर तीन महिने टिकतं, जमिनीच्या पंपाचं सहा. मुदत संपली तर पुन्हा अर्ज करता येतो, पण निधी दर आर्थिक वर्षाचा ठरलेला असतो (२०२५-२६ साठी २९.५ कोटी पौंड). इन्स्टॉलर बदलायचा असेल तर जुन्याचं व्हाउचर आधी रद्द झालं पाहिजे, त्यासाठी ऑफजेमशी थेट बोला. घरी बसून किंवा ऑनलाइन केलेल्या करारातून १४ दिवसांत बाहेर पडता येतं, तो हक्क कागदावर लिहिलेला आहे का ते सही करताना बघा.

२०. दारावर एक जण आला, म्हणाला सरकारकडून आलोय आणि आजच सही केली तर सगळं फुकट.

सही करू नका. ऑफजेम दारोदार माणसं पाठवत नाही. कंपनीचं नाव एमसीएसच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा, त्याने दाखवलेल्या कार्डावर विसंबू नका. चौकशीसाठी का होईना, बँकेचे तपशील देऊ नका. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे या योजनेत तुमच्या खात्यात पैसे येतच नाहीत, त्यामुळे कुणाला त्यांची गरजच नाही. आई-बाबा दिवसा एकटे घरी असतील तर हे त्यांना मराठीत नीट सांगून ठेवा, आणि दाराजवळ एक चिठ्ठी लावा: कुठल्याही कागदावर सही करायची नाही, मुलाला किंवा मुलीला फोन करायचा.